संत्र्याची साल, कोहळं आणि अंड्याचा बलक

आश्विन सरत आला की विदर्भात सोयाबीनची सोंगणी उरकते, अंबिया बहाराची संत्री उतरू लागतात आणि वेलावरची कोहळी, म्हणजे लाल भोपळे, पिकतात. हा सगळा मोसम एका घासात आणायचा तर भरलेल्या अंड्यांसारखा पदार्थ नाही. अमेरिकेत त्यांना ‘डेव्हिल्ड एग्ज’ म्हणतात. उकडलेल्या अंड्याचा बलक मेयोनीज आणि मोहरीसोबत घोटायचा आणि परत पांढऱ्याच्या वाटीत भरायचा. तिथे पानगळीच्या दिवसांत काही जण त्यात भोपळाही घालतात.

आता सुरुवात अंड्यापासून. आज सकाळी घातलेलं गावरान अंडं या कामाला नको. ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे आतली त्वचा पांढऱ्याला घट्ट धरून बसते आणि सोलताना लचके निघतात. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून तो वायू हळूहळू निघून जातो, पांढरं अधिक अल्कधर्मी होतं आणि पकड सुटते. म्हणून आठवडाभर ठेवलेलं अंडं घ्यावं. पाण्यात टाकल्यावर ते तळाशीच राहतं, पण जरा तिरकं उभं होतं. तरंगलं तर ते बाजूला काढावं.

गंजात पाणी आधी खळखळू द्या, मगच अंडी सोडा. एकदम चटका बसला की पांढरं त्वचेला कमी चिकटतं. बलक 65 ते 70 अंश सेल्सिअसला घट्ट होतो, पांढऱ्यातलं मुख्य प्रथिन मात्र 80 च्या पुढे. चिखलदरा सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळतं, पण अंड्याला तेवढं पुरतं. अकरा-बारा मिनिटं झाली की लगेच गार पाण्यात टाका. जास्त शिजवलं तर पांढऱ्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, बलकातल्या लोहाशी त्याचा संयोग होतो आणि बलकाभोवती हिरवट कडं येतं. त्याने अपाय होत नाही, पण भरलेल्या अंड्याची शोभा जाते.

खरी गंमत बलकात आहे. त्याचा जवळपास निम्मा भाग पाणी आणि तिसरा हिस्सा स्निग्ध पदार्थ. एरवी एकमेकांपासून फटकून राहणारे हे दोघे लेसिथिनमुळे एकत्र नांदतात, कारण त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं आणि दुसरं तेलाकडे. म्हणून बलक चाळणीतून घासून घ्या, त्यात थोडा चक्का घाला आणि तेलाची बारीक धार सोडत घोटत राहा, म्हणजे मिश्रण फुटत नाही.

मोसमाची चव या स्निग्धातच मुरते. पेटत्या पणतीजवळ संत्र्याची साल दुमडून दाबून पाहा: बारीक तुषार उडतात आणि ज्योत तडतडते. सालीतल्या तेलात मुख्यतः लिमोनीन असतं. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात सहज विरघळतं. त्यामुळे रसापेक्षा साल इथे कितीतरी अधिक काम करते. वरची केशरी साल तेवढी किसा, खालचा पांढरा थर कडू असतो. लिमोनीन उडून जाणारं आहे, म्हणून कीस शेवटी, गार मिश्रणातच घालावा.

भिवापुरी मिरचीचं तिखटही स्निग्धात विरघळतं, त्यामुळे ते एका जागी न झोंबता घासभर पसरतं. वायगावच्या हळदीतलं कर्क्युमिन आणि कोहळ्यातलं बीटा-कॅरोटीन हेही स्निग्धप्रेमी. बलकाच्या सोबतीने शरीर ते अधिक चांगलं शोषून घेतं. कोंबडीला असली रंगद्रव्यं स्वतः तयार करता येत नाहीत. हिरवा पाला, मका टिपणाऱ्या गावरान कोंबडीचा बलक गडद असतो तो त्यामुळेच. गडद रंग म्हणजे जास्त प्रथिनं, असं मात्र नाही.

कोहळं उकडू नका, निखाऱ्यावर किंवा तव्यावर भाजा. उकडलं की ते पाणी धरतं आणि सारण पातळ होतं. सहा अंड्यांना दोन चमचे भाजलेला गर, दोन चमचे चक्का, चमचाभर तेल, चिमूटभर हळद, अर्ध्या संत्र्याची साल, मीठ आणि चवीपुरतं तिखट. वरून भरडलेलं भाजकं जवस. ते कुरकुरीत राहावं म्हणून अगदी वाढताना घालावं.

ऑक्टोबरच्या दुपारी आपल्याकडे पारा अनेकदा तिशीच्या पुढे असतो. अशा उन्हात भरलेली अंडी तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नयेत. डबा शेतावर न्यायचा असेल तर उकडलेली अंडी सालासकट न्या आणि सारण बर्फात ठेवून वेगळं. अंडी तिथेच सोलून भरा.