ब्रेसलाउचा सेंटेनियल हॉल: एक घुमट आणि त्याला पाहिजे तसं वापरणारी सरकारं

पोलंडमधलं व्रोत्सवाफ शहर 1945 पर्यंत जर्मनीत होतं, तेव्हा नाव ब्रेसलाउ. मार्च 1813 मधे प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या राजानं इथूनच जनतेला नेपोलियनविरुद्ध उठायचं आवाहन केलं आणि ऑक्टोबरात लाइपझिगला नेपोलियन हरला. त्याच्या शंभरीसाठी 1913 ला मोठं प्रदर्शन भरवायचं ठरलं, आणि शहराचा आर्किटेक्ट माक्स बेर्ग यानं त्यासाठी हा सेंटेनियल म्हणजे शताब्दी हॉल 1911 ते 13 मधे उभा केला.

खरी कमाल घुमटाची आहे. आतून 65 मीटर रुंद, रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिराचा साधारण 43, म्हणजे बघा! चार अवाढव्य कमानी, त्यांच्यावर गोल रिंग आणि तिथून वर गेलेल्या 32 बरगड्या, सगळं आरसीसी, आणि मधे पायऱ्यापायऱ्यांनी खिडक्याच खिडक्या, त्यामुळे एवढं वजन डोक्यावर असूनही आत उजेड भरपूर. बेर्गनं गिलावासुद्धा केला नाही, सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे काँक्रीटवर तसेच ठेवले, 1913 मधे हे करायला केवढी हिंमत लागली असेल. सेंट्रिंग काढायला कामगार घाबरले तेव्हा बेर्गनं स्वतः सुरुवात केली असंही सांगतात.

आवारातला तळ्याभोवतीचा पर्गोला (खांबांवरचा उघडा मांडव) आणि चार घुमटांचा पॅव्हेलियन आर्किटेक्ट हान्स पोएल्झिगचा, शेजारच्या पार्कातली जपानी बागही त्याच प्रदर्शनातली.

उद्घाटनाच्या वर्षीच वाद झाला. नोबेल मिळालेल्या गेरहार्ट हाउप्टमानचं नाटक खास या सोहळ्यासाठी लिहून घेतलेलं, पण त्यात विजयाच्या डरकाळ्यांपेक्षा शांततेची भाषा जास्त निघाली म्हणून राष्ट्रवादी आणि जर्मन युवराज चिडले आणि प्रयोगच थांबवले. माझ्या मते हॉलच्या इतिहासातली सगळ्यात बोलकी घटना हीच, कारण पुढेही तेच होत राहिलं, ज्याची सत्ता त्याचाच आवाज. नाझी काळात इथे हिटलरची भाषणं झाली. 1945 मधे सोव्हिएत सैन्याच्या वेढ्यात शहर बेचिराख झालं, हॉल मात्र बऱ्यापैकी शाबूत राहिला. मग शहर पोलंडकडे गेलं, जर्मन लोकांना हाकलून दिलं आणि 1948 मधे कम्युनिस्ट सरकारनं ‘परत मिळवलेल्या भूमी’चं (म्हणजे जर्मनीकडून मिळालेल्या प्रदेशांचं) प्रदर्शन याच आवारात भरवलं, हॉलसमोर इग्लित्सा नावाचा 106 मीटरचा स्टीलचा सुळका उभारला (आता त्याहून कमी उंच आहे). हॉलचं नावही बदलून ‘जनता सभागृह’ केलं.

2006 मधे युनेस्कोनं जागतिक वारसा यादीत घेतलं. पोएल्झिगच्या पॅव्हेलियनमधे आता आधुनिक कलेचं म्युझियम आहे आणि हॉलमधे मॅचेस, कॉन्सर्ट, प्रदर्शनं चालूच असतात.