९.८ आधी की ७.५ आधी?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. मागच्या महिन्यात सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या त्रुटी शोधणारा स्कॅन मारला तर पानंच्या पानं लाल लिस्ट आली, प्रत्येक त्रुटीपुढं एक आकडा, आणि सोबतचा पोरगा म्हणाला, "दादा, हे ९.८ वालं आधी करूया, ७.५ वालं नंतर, सगळ्यात डेंजर हेच." इथंच बऱ्याच जणांची गल्लत होते, म्हणून लिहितोय.

तो ९.८ म्हणजे सीव्हीएसएस, त्रुटी किती गंभीर ते सांगणारा स्कोअर. ० ते १० मधला आकडा, ९ पासून पुढं क्रिटिकल. त्रुटी वापरायला किती सोपी आणि कुणी वापरलीच तर नुकसान किती, एवढंच तो सांगतो. प्रत्यक्षात कुणी वापरेल का, हे त्या मूळ आकड्यात (बेस स्कोअरमध्ये) नसतंच. ते बघायचं ईपीएसएस नावाच्या दुसऱ्या स्कोअरमध्ये, ० ते १ मधला आकडा, पुढच्या ३० दिवसांत त्या त्रुटीवरून हल्ला होण्याची शक्यता किती ते. दोन्ही फर्स्ट (FIRST) नावाच्या एकाच आंतरराष्ट्रीय सायबर सुरक्षा संस्थेचे, त्यामुळं गोंधळ अजून वाढतो.

पुराचंच बघा की. कोल्हापुरात शिवाजी पेठेत उंचावर गोडाऊन आहे, मालानं खच्चून भरलेलं, पाणी शिरलं तर लाखोंचं नुकसान, पण पाणी तिथंवर चढत नाही. नदीकाठच्या सुतारमळ्यातल्या खोलीत सामान थोडंच, पण पंचगंगा वाढली की पाणी आधी तिकडं. सीव्हीएसएस गोडाऊनमधला माल मोजतो, ईपीएसएस पाणी येणार का ते सांगतो, आणि पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी आपण रोज बघतो तसा हा आकडापण रोज बघायचा, कारण तो रोज बदलतो.

२०१४ चा हार्टब्लीड आठवा. वेबसाइटचा डेटा एन्क्रिप्ट करणाऱ्या ओपनएसएसएल सॉफ्टवेअरमधली चूक, एका रिक्वेस्टला सर्व्हरच्या मेमरीतलं ६४ केबीपर्यंत बाहेर, त्यात पासवर्ड असतील, प्रायव्हेट की असेल, काहीही, आणि जगभरातले लाखो सर्व्हर उघडे. तेव्हाच्या सीव्हीएसएसमध्ये त्याला मिळाले किती, तर ५.०! मला हे उदाहरण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लॉगफोरशेल (डिसेंबर २०२१) उलट, स्कोअर पूर्ण १० आणि पसारापण तेवढाच, कारण ती त्रुटी ज्यात होती ते लॉगफोरजे (नोंदी ठेवणारा कोड) दुसऱ्यांच्या जावा सॉफ्टवेअरच्या पोटात बसलेलं, आपल्याकडं आहे हेच माहीत नसायचं.

ईपीएसएस वाचतानापण एक जपा. ०.१ म्हणजे १० टक्के, कमी वाटतं, पण बहुतेक त्रुटी १ टक्क्याच्याही खाली असतात, म्हणजे १० टक्के भरपूर झाले. आणि अमेरिकेच्या सिसा (CISA) या सायबर सुरक्षा संस्थेची केईव्ही नावाची, प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या त्रुटींची यादी आहे, त्यात नाव आलं म्हणजे हल्ले झालेलेच आहेत, मग शक्यता मोजत बसू नका. शिवाय ईपीएसएस जगाचं सांगतो, तुमचं मशीन नेटला आहे का हे त्याला कळत नाही, ते तुम्हीच बघायचं.

आमचा ९.८ ज्या कॉम्प्युटरवर होता त्याला नेटच नाही, पेनड्राइव्हपण बंद केलेत, तो सुट्टीच्या दिवशी करायचं ठरलं. ७.५ वाला मात्र थेट इंटरनेटला असलेल्या व्हीपीएनच्या (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडायच्या) बॉक्सवर, ईपीएसएस ०.९ च्या वर, त्याला त्याच रात्री शिफ्ट बदलताना अपडेट मारला.