साखर एकाएकी उतरली तर: आमच्या मधुमेही ग्राहकांसाठी माहिती

साखर वाढू नये म्हणून आमचे बहुतेक ग्राहक काळजी घेतात, परंतु ती प्रमाणाबाहेर उतरण्याचा धोका पुष्कळांच्या लक्षात नसतो, आणि तो काही मिनिटांत अंगावर येतो. ग्लुकोमीटरवर ७० मिलिग्रॅमच्या खाली आकडा दिसला तर ताबडतोब उपाय करावा. आकडा ५४ च्या खाली गेला तर मेंदूला साखर अपुरी पडू लागून बोलणे अडखळते, वागणे विचित्र होते आणि माणूस बेशुद्धही पडू शकतो.

इन्सुलिन घेणाऱ्यांना, तसेच ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड यांपैकी एखादी गोळी चालू असणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची साखर अशी क्वचितच उतरते. दरदरून घाम, हातांची थरथर, छातीत धडधड आणि भुकेने कासावीस होणे ही सुरुवातीची लक्षणे होत. रक्तदाबासाठी अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या चालू असल्यास धडधड व थरथर जाणवेलच असे नाही, म्हणून अशा रुग्णांनी नुसत्या घामाकडेही दुर्लक्ष करू नये.

लक्षणे दिसताच चहाचे तीन ते चार सपाट चमचे ग्लुकोज पावडर अर्धा कप पाण्यात विरघळवून प्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि ती ७० च्या वर आली नसल्यास तेवढेच ग्लुकोज पुन्हा घ्यावे. आकडा सुधारल्यावर पोळीभाजी किंवा दूध-बिस्किटे असे काही खावे. पेढा, बर्फी किंवा चॉकलेट यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते, त्यामुळे अशा वेळी त्यांचा भरवसा धरू नये.

साखरपाणी घेतले तरी चालते, असे सर्रास सांगितले जाते आणि ते बहुतेकांच्या बाबतीत खरेही आहे. मात्र आपल्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल (तीन औषधे एकत्र असलेल्या अनेक गोळ्यांत व्होग्लिबोज असते), तर साध्या साखरेचे आतड्यात विघटनच मंदावते आणि ती वेळेवर उपयोगी पडत नाही. अशा रुग्णांच्या घरी ग्लुकोजच हवे. स्वाद घातलेल्या काही पावडरींत साधी साखर मिसळलेली असते, म्हणून पाकिटावरील घटक वाचूनच ती घ्यावी. गोळ्यांचे पाकीट दाखवल्यास त्यात काय आहे ते आम्ही वाचून सांगू.

साखर उतरण्याचे नेहमीचे कारण म्हणजे औषध वेळेवर आणि जेवण उशिरा. घरून इन्सुलिन घेऊन लग्नाला गेल्यावर पंगत लांबते. संकष्टीला चंद्रोदय होईपर्यंत रात्रीचे नऊ वाजून जातात. उपवासाच्या दिवशी औषधाची मात्रा किती ठेवावी, हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे. ती स्वतःच्या मनाने बदलू नये.

रुग्ण बेशुद्ध असेल, तर तोंडात पाणी, साखर, काहीही घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवून १०८ क्रमांकाला फोन करावा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या गोळ्यांमुळे उतरलेली साखर वर आल्यानंतरही काही तासांनी पुन्हा घसरू शकते, विशेषतः वयस्कर व मूत्रपिंडे अशक्त असलेल्या रुग्णांत. त्यामुळे बरे वाटले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे.

शेवटी सिरिंजविषयी. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांतील इन्सुलिन एका मिलिलिटरला ४० युनिट असते आणि त्यासाठीच्या सिरिंजचे टोपण लाल असते. इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिजमधील इन्सुलिन साधारणपणे एका मिलिलिटरला १०० युनिट असते. पेन बिघडले म्हणून कार्ट्रिजमधील इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने काढले, तर खुणेप्रमाणे १० युनिट भरूनही प्रत्यक्षात २५ युनिट शरीरात जातात. असे कधीही करू नये. बिघडलेले पेन त्याच दिवशी दुकानात घेऊन यावे, आणि सिरिंज घेताना चालू असलेली इन्सुलिनची बाटली किंवा तिचे खोके सोबत आणावे, म्हणजे दोन्हींवरील आकडे आम्ही आपल्यासमोर जुळवून पाहू.