ठेवलेला पैसा बँकेत असतो कुठे?

हिंगणघाटच्या एखाद्या शेतकऱ्याला कापसाचा चुकारा मिळाला आणि समजा १ लाख रुपये राष्ट्रीयीकृत बँकेतल्या खात्यात जमा झाले. पासबुकात आकडा उमटतो. तिजोरीत मात्र त्याच्या नावाचं बंडल नसतं. नोव्हेंबर २०२५ अखेर लागू झालेल्या दरानं ३ टक्के, म्हणजे ३,००० रुपये, रोख राखीव म्हणून रिझर्व्ह बँकेकडे जातात. आणखी निदान १८ टक्के मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवावे लागतात. उरले ७९ हजार, ते कर्जाला मोकळे. खरी गंमत पुढेच आहे. जूनमध्ये दुसऱ्या कुणाचं पीककर्ज मंजूर झालं की रक्कम त्याच्या खात्यावर चढते आणि बियाणं-खतापोटी कृषी केंद्राच्या खात्यात जाते. पहिल्याचा लाख जागेवरच, वर ७९ हजारांची नवी ठेव! नोट एकही छापली नाही, तरी पैसा वाढला.

सगळे ठेवीदार एकाच दिवशी दारात आले, तर मात्र ही मांडणी कोसळते. १९३० च्या दशकात अमेरिकेत बँका धडाधड बुडाल्यावर अर्थशास्त्रज्ञ आयर्विंग फिशर यांनी म्हणूनच शंभर टक्के राखीव निधीचा आग्रह धरला: चालू ठेवींना हात लावायचा नाही, कर्जासाठी पैसा वेगळा उभारायचा. स्वित्झर्लंडमध्ये २०१८ साली अशाच धर्तीच्या प्रस्तावावर सार्वमत झालं. सुमारे तीन-चतुर्थांश मतदारांनी तो नाकारला.

मीही नाकारला असता. ठेवी कुलूपबंद झाल्या, तर पेरणीच्या तोंडावर कोरडवाहू शेतकऱ्याला सावकाराचाच ओटा उरतो. शिवाय राखीव टक्केवारी वाढवून घोटाळा अडत नाही. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचं २००२ साली उघड झालेलं प्रकरण आठवा. पैसा बेभरवशाच्या कर्जात गेला नव्हता. सर्वांत सुरक्षित मानल्या जाणाऱ्या सरकारी रोख्यांसाठी शंभर कोटींहून अधिक रुपये दलाल कंपन्यांना दिले होते. रोखे बँकेच्या हाती आलेच नाहीत.

ठेवीदाराला खरा आधार आहे तो ठेव विम्याचा. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाली, त्यानंतर १९६२ पासून तो सुरू झाला. तेव्हा मर्यादा १,५०० रुपये होती, २०२० पासून ती ५ लाख आहे. मुद्दल-व्याज धरून, आणि त्याच बँकेच्या सगळ्या शाखांतल्या तुमच्या ठेवी मिळून. जिल्हा बँकेलाही हा विमा आहे. गावातल्या पतसंस्थेला नाही, मग ती व्याज कितीही चढं देवो.