संप्रेरकग्राही स्थिती (स्तनाचा कर्करोग)

स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींमध्ये ईस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके पकडून ठेवणारी प्रथिने (ग्राही, रिसेप्टर) आहेत का आणि किती पेशींत आहेत, याची पॅथॉलॉजी तपासणीत होणारी नोंद. अहवालात ती 'ईआर' व 'पीआर' या आद्याक्षरांनी येते. 'पॉझिटिव्ह' हा शब्द वाचून घरचे लोक हबकतात. इथे मात्र त्याचा अर्थ, रोग अडवायला गोळ्यांचीही एक वाट आहे, असा असतो.

ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी अंडाशये (ईस्ट्रोजेन तयार करणारे अवयव) काढल्यावर पसरलेला स्तनकर्करोग आकसल्याचे १८९६ मध्ये प्रसिद्ध केले. हा गुण काहींनाच का येतो, हे कोडे पुढची साठेक वर्षे सुटले नाही. शिकागोत एलवुड जेन्सन यांनी किरणोत्सारी ईस्ट्रोजेन शरीरात कुठे अडकून राहते याचा माग काढला आणि ग्राही सापडला. गर्भनिरोधकाच्या शोधात तयार झालेले, ग्राहीवरची ईस्ट्रोजेनची जागा अडवणारे टॅमोक्सिफेन हे औषध १९७७ मध्ये अमेरिकेत पसरलेल्या स्तनकर्करोगासाठी मंजूर झाले.

ईस्ट्रोजेनशी जोडला गेलेला ग्राही केंद्रकातल्या डीएनएवर बसून वाढीची जनुके चालू करतो. पीआर तयार करणारे जनुक त्यांपैकीच एक. म्हणून पीआर असणे ही ईआर नुसता हजर नसून कामही करत असल्याची खूण. ईआर निगेटिव्ह पण पीआर पॉझिटिव्ह असा अहवाल आला तर आधी तपासणीवरच शंका घ्यावी.

गाठीचा पातळ छेद प्रतिपिंडांनी रंगवून (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री) किती केंद्रके रंगली हे पाहतात. पूर्वी १० टक्क्यांची मर्यादा सर्रास धरली जाई. २०१० पासून १ टक्काही पॉझिटिव्ह धरतात, आणि २०२० पासून ईआर १ ते १० टक्के असल्यास 'लो पॉझिटिव्ह' अशी वेगळी नोंद करतात. रंगाचा गडदपणा धरून ८ पैकी गुण देणारी ऑलरेड पद्धतही वापरात आहे.

खरी मेख मात्र त्याआधीच्या तासांत आहे. काढलेली गाठ तासाभरात कापून १० टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये पडायला हवी आणि तिथे ६ ते ७२ तास राहायला हवी. आख्खी गाठ तशीच बरणीत टाकली तर फॉर्मलिन आतवर पोचत नाही, प्रथिने नासतात आणि पॉझिटिव्ह गाठ निगेटिव्ह ठरू शकते. छेदातल्या निरोगी दुग्धनलिका, ज्यांत ग्राही एरवीही असतात, हा घरचा साक्षीदार: त्याही रंगल्या नसतील तर निगेटिव्ह निकालावर विसंबू नये. पाश्चात्त्य देशांत साधारण ७० ते ८० टक्के गाठी ईआर पॉझिटिव्ह असतात. भारतीय अहवालांत हे प्रमाण कमी दिसत आले आहे. इथल्या रुग्णांचे तुलनेने तरुण वय हे त्याचे एक कारण, पण जतनातली हयगयही त्यात मिसळलेली आहे.

ग्राही आणि गाठीचा स्वभाव सहसा जोडीने जातात. ट्युब्युलर, म्युसिनस आणि लोब्युलर या प्रकारांच्या गाठी बहुधा पॉझिटिव्ह. ग्रेड ३ च्या (सर्वांत आक्रमक दिसणाऱ्या), केंद्रके बेढब असलेल्या, भराभर विभागणाऱ्या गाठींत निगेटिव्हचे प्रमाण जास्त. ईआर, पीआर आणि हर-टू (पेशींची वाढ चेतवणारे आणखी एक प्रथिन) तिन्ही नसल्यास 'ट्रिपल निगेटिव्ह' म्हणतात. बीआरसीए१ जनुकात दोष असलेल्या स्त्रियांत हा प्रकार अधिक आढळतो. गाठीचा आकार आणि काखेतल्या लसिकाग्रंथी मात्र स्वतंत्रपणे पाहाव्याच लागतात. छोटी गाठ पॉझिटिव्हच असेल, असे नाही.

पॉझिटिव्ह रुग्णांना टॅमोक्सिफेन, किंवा पाळी गेलेली असल्यास लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोलसारखी ईस्ट्रोजेन तयार होणे रोखणारी औषधे किमान ५ वर्षे देतात. ट्रिपल निगेटिव्ह रोग उलटलाच तर बहुधा पहिल्या काही वर्षांत उलटतो. ईआर पॉझिटिव्ह रोग १५-२० वर्षांनीही डोके वर काढू शकतो. रोग पुन्हा उद्भवल्यास शक्य तिथे नव्या जागेची बायोप्सी करून ग्राही परत तपासतात, कारण मधल्या काळात स्थिती पालटलेली असू शकते.