तंतुवाद्यवृंद, संगीतविद्यालयातील

केवळ गजाने वाजणाऱ्या वाद्यांचा मेळ. व्हायोलिनचे दोन गट, आणि व्हायोलिनहून क्रमाने मोठी व खर्जाची व्हायोला, चेलो आणि डबल बास अशी त्याची पाच अंगे. बासरी, तुतारी, नगारे यांना त्यात जागा नसते. संगीतविद्यालयाच्या वृंदात पंधरा-वीस विद्यार्थी असले तरी काम भागते. अनेकदा प्रत्येक गटाच्या पहिल्या खुर्चीवर त्यांचे शिक्षकच वाजवायला बसतात. समोर छडी घेऊन उभा राहणारा संचालक असतोच असे नाही. पहिल्या व्हायोलिनवरचा शिक्षक गज उचलताना श्वास घेतो आणि त्या श्वासावर सगळे उचल करतात.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी श्रोत्याला ही रीत परकी वाटायचे कारण नाही. बुवा गात असतात, मागे तंबोऱ्यावर बसलेला शिष्य मानेची खूण होताच आवाज लावतो. जागा निसटली तर बुवा ती पुन्हा घेऊन दाखवतात, भर मैफलीत. शिकवणे आणि सादर करणे यांत तिथेही भिंत नसते. फरक आहे तो पुढे. गाण्यातल्या शिष्याला कधी ना कधी स्वतःचा आवाज पुढे काढायचा असतो. वृंदातल्या शिष्याने तो शेजाऱ्याच्या आवाजात विरघळवायचा असतो. एका गटात सहा व्हायोलिने असतील तर सहा वेगवेगळी ऐकू येता कामा नयेत.

या प्रकाराची मुळे युरोपातल्या अनाथाश्रमांत आहेत. व्हेनिसच्या पिएता या अनाथालयात संगीतकार विवाल्दी १७०३ मध्ये व्हायोलिनचा शिक्षक म्हणून लागला. तिथल्या मुली जाळीआड बसून वाजवत आणि शहर ऐकायला लोटे. कोरेल्ली या इटालियन संगीतकाराचे बारा ‘काँचेर्तो ग्रोसो’ त्याच्या मृत्यूनंतर १७१४ मध्ये छापले गेले. त्यांची घडण शिक्षक-विद्यार्थ्यांच्या मैफलीला इतकी सोयीची आहे की ते खास त्यासाठीच लिहिले असावेत असे वाटावे. दोन व्हायोलिने आणि एक चेलो असे तिघे अवघड भाग वाजवतात, बाकीचा समूह त्यांना सोप्या ओळींनी भरणा देतो. तिघे शिक्षक, समूह विद्यार्थ्यांचा. पॅरिसचे संगीतविद्यालय १७९५ मध्ये निघाले. तिथला व्हायोलिनचा अध्यापक हाबेनेक याने १८२८ पासून विद्यालयाच्याच अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना एकत्र बसवून मैफली केल्या, त्याही छडीऐवजी हातातल्या गजाने संचालन करून. लंडनमध्ये संगीतकार गुस्ताव होल्स्ट १९०५ पासून सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये संगीत शिकवत असे. शाळेतल्या मुलींच्या वृंदासाठी त्याने लिहिलेली चार भागांची ‘सेंट पॉल्स स्वीट’ (स्वीट म्हणजे रचनामाला) आज जगभरच्या विद्यार्थिवृंदांच्या कार्यक्रमांत असते.

आपल्याकडे याला सर्वांत जवळचे उदाहरण मध्य प्रदेशातल्या मैहरचे. सरोदवादक बाबा अल्लाउद्दीन खाँ यांनी १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनंतर अनाथ मुलांना हाताशी धरून तिथे वाद्यवृंद उभा केला. व्हेनिस आणि मैहर एकमेकांना ओळखत नव्हते, पण पोरक्या मुलाला घर देताना त्याच्या हातात वाद्यही द्यावे, हे दोन्हीकडे सुचले.

सामूहिक वादनाचे खरे शिक्षण खुर्चीवर होते. दोघा वादकांत एक स्वरलिपीचा स्टँड असतो. पान उलटायचे काम आतल्या, म्हणजे श्रोत्यांपासून दूरच्या, बाजूला बसलेल्याचे. तो क्षणभर थांबतो, बाहेरचा वाजवत राहतो. सगळ्या गटाचे गज एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जावे लागतात, म्हणून तालमीत शिक्षक स्वरलिपीवर पेन्सिलीने गजाच्या दिशेच्या खुणा करतो आणि त्या सर्व प्रतींवर उतरवल्या जातात. गजाचा कोणता भाग वापरायचा, तार घोडीच्या किती जवळ घासायची, हे सांगण्यापेक्षा शेजारी बसून दाखवणे सोपे. विद्यार्थ्याची नजर स्वरांवर असते, पण कडेने त्याला शिक्षकाचे कोपर दिसत असते. तासन्‌तास समजावून जे येत नाही ते त्या कोपराकडे पाहून येते.

सीमाभागात व्हायोलिनची वाट मात्र वेगळी आहे. इथले व्हायोलिन बहुतांशी हिंदुस्थानी बैठकीचे: मांडी घालून, वाद्याचे डोके पावलावर टेकवून, तारा षड्ज-पंचमावर लावून वाजवायचे. परीक्षा गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या, प्रवेशिकेपासून विशारदपर्यंत. अशा विद्यार्थ्याला खुर्चीवर बसून वाद्य हनुवटीखाली धरायला लावले की सुरुवातीला हात अडतो, आणि गजाची मुक्त चाल सोडून पेन्सिलीच्या खुणा पाळणे त्याहून जड जाते. पाश्चात्त्य पद्धतीचा गुरू हवा तर चोर्ला घाट उतरून गोवा जवळ. तिथे पोर्तुगीज अमदानीपासून चर्चच्या शाळांत स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले गेले. बेळगावात अनेक सुरांचा मेळ कानावर पडतो तो मुख्यतः मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडमधून, पण तो गजाच्या वाद्यांचा नव्हे.

तरीही या भागाकडे एक मोठी शिदोरी आहे, आणि वृंद उभा करणाऱ्याने तिचा उपयोग करून घ्यायला हवा. ती म्हणजे तंबोऱ्यावर तयार झालेला कान. मिरजेहून रेल्वेने येणारा तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार आपोआप उमटतो. तंतुवाद्यवृंदात तीन सुरांची कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा सुरांचा गुच्छ, स्थिर उभी राहते ती नेमक्या याच गंधारावर. सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेल्या हार्मोनियमचा गंधार त्यापेक्षा किंचित चढा असतो, आणि गजाच्या वाद्यांना पडदे नसल्याने तो योग्य जागी उतरवणे वादकाच्या बोटावर असते. युरोपातल्या शिक्षकाला ही जाणीव विद्यार्थ्यात रुजवायला वर्षे जातात. तंबोरे लावण्यातल्या काटेकोरपणासाठी ख्यातनाम असलेले कुमार गंधर्व (१९२४–१९९२) बेळगाव जिल्ह्यातल्याच सुळेभावीत जन्मले. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी बेळगावात राहून हार्मोनियमवादकांच्या पिढ्या घडवल्या. अशा गावातल्या मुलाला गंधार ऐकायला शिकवावे लागत नाही, ऐकलेला गंधार दुसऱ्याच्या पंचमाशी जुळवायला शिकवावे लागते.

वृंद जुळतो तो ‘ए’ या सुरावर, सेकंदाला ४४० कंपने. हार्मोनियमच्या भाषेत पांढरी सहा. पहिला व्हायोलिनवादक तो देतो, मग जाड आवाजाची वाद्ये आधी आणि व्हायोलिने शेवटी, असा क्रम पुष्कळ ठिकाणी पाळतात. व्हायोलिनच्या चारही तारांत शेजारशेजारच्या दोन तारांमधले अंतर षड्ज-पंचमाचेच असते, त्यामुळे हे जुळवणे सीमाभागातल्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी जमू शकते. अडचण येते पावसाळ्यात. खानापूरकडच्या दमट हवेत खुंट्या फुगून अडकतात, गजाचे केस सैल पडतात, सरसाने जोडलेले सांधे सुटू लागतात. वादन संपताच गज सैल करणे, तारांवरची राळ कोरड्या फडक्याने पुसणे आणि वाद्य बंद पेटीत ठेवणे ही कामे म्हणूनच शिक्षक पहिल्या धड्यात शिकवतात. डबल बासची पेटी सहसा दोघांनी उचलावी लागते. बास मिळाला नाही तर त्याची ओळ दुसऱ्या चेलोवर एक सप्तक वर वाजवून वेळ निभावता येते, मात्र मेळाचा पाया तेवढा हलका होतो.