विंडहेल्म की विंटरहोल्ड? स्कायरिममधल्या दोन बर्फाळ शहरांचा घोळ

स्कायरिम या व्हिडिओ गेममधल्या आवडत्या शहरांची रँकिंग कुणी टाकली की एक घोळ हमखास होतो, मनात विंडहेल्म असतं आणि लिहिलेलं असतं विंटरहोल्ड. गेम २०११ चा, तरी अजून होतंच. दोन्ही मॅपवर वर ईशान्येला, दोन्हीकडे सतत बर्फ, दोन्ही आपापल्या होल्डच्या, म्हणजे विभागाच्या, राजधान्या. पण शहर म्हणून बघाल तर जमीन-अस्मानाचा फरक आहे.

विंडहेल्म म्हणजे साम्राज्याविरुद्ध बंड करणाऱ्या उल्फ्रिक स्टॉर्मक्लोकचं शहर. लांबलचक दगडी पूल, उंच तटबंदी, आणि गेटमधून पहिल्यांदा आत शिरलात की समोरच दोन नॉर्ड, म्हणजे इथले स्थानिक, एका डार्क एल्फ बाईला इंपीरियल, म्हणजे साम्राज्याची, हेर ठरवून दम देत असतात, तिथेच कळतं हे शहर कसंय ते. रेड माउंटन ज्वालामुखीचा उद्रेक झाल्यावर शेजारच्या मोरोविंडमधून आलेल्या डार्क एल्फ लोकांची वस्ती ग्रे क्वार्टरमध्ये, अरुंद गल्ल्या, पडकी घरं, आणि सरड्यासारख्या दिसणाऱ्या आर्गोनियन लोकांना तर तटबंदीच्या आत राहायलाच मनाई, ते खाली डॉकवर माल उचलतात आणि तिथेच झोपतात. म्हणजे 'स्कायरिम नॉर्ड लोकांचं' ही घोषणा प्रत्यक्षात काय करते ते भाषण न देता नुसतं चालता चालता दिसतं, आणि मला वाटतं अख्ख्या गेममधलं सगळ्यात भारी लिखाण हेच आहे. त्यात रात्रीच्या खुनांचं ब्लड ऑन द आइस हे क्वेस्ट. आणि हो, सॉलस्टाइम बेटाची बोट इथूनच सुटते.

विंटरहोल्डला तटबंदी नाही, गेट नाही, लोडिंग स्क्रीनसुद्धा नाही. एक इन, एक दुकान, यार्लचं, म्हणजे होल्डच्या सरदाराचं, लाँगहाऊस, बाकी बहुतेक पडझड. चौथ्या युगाच्या १२२ साली ग्रेट कोलॅप्समध्ये बहुतेक शहर समुद्रात गेलं, गेमची गोष्ट २०१ सालची, म्हणजे जवळपास ऐंशी वर्षं झाली तरी कुणी परत बांधलं नाही. वाचलं फक्त जादूगारांचं कॉलेज, आणि यार्ल कोरिर त्याचा राग मनात धरून बसलाय, त्याच्या मते हे सगळं जादूगारांनीच केलं.

रँकिंग गंडते ती इथेच. लोक मार्क देतात कॉलेजला आणि ते जमा होतात गावाच्या नावावर. पुलाच्या तोंडाशी कॉलेजची फॅराल्डा एक स्पेल करून दाखवायला सांगते, मग तो निमुळता, कडा ढासळलेला पूल, खाली दरी, पलीकडे अर्कानियम लायब्ररी, आर्चमेज, म्हणजे कॉलेजचे प्रमुख, झालात तर राहायला खोली फुकट. एवढं सगळं मस्तच आहे, पण ते पुलापलीकडचं. कॉलेज वेगळं काढून मार्क द्या मग बघा किती उरतात.

माझ्या लिस्टमध्ये विंडहेल्म दुसरं, मार्कार्थच्या खालोखाल. विंटरहोल्ड नऊ राजधान्यांत आठवं, मॉर्थलच्या एक पायरी वर, तेही त्या ढासळलेल्या कड्यावरून दिसणाऱ्या समुद्रामुळे.